जुन्या प्रोग्रामला मोठी डिस्क कळत नाही: चार व्हर्जनसाठी एक पॅच, कामाच्या नोंदी

४ जानेवारी

काम काय आहे ते आधी लिहिते. वाचनालयातली पुस्तकं, सभासद, देवघेव यांचा हिशोब ठेवणारा एक ३२-बिट विंडोज प्रोग्राम आहे, खूप जुना, पण बऱ्याच छोट्या वाचनालयांत अजून रोज वापरात. कंपनी कधीच बंद झाली. सोर्स कोड कुणाकडेच नाही, ज्या गृहस्थांनी तो लिहिला त्यांच्याकडेही नाही. त्यांची लेखी परवानगी घेतलीय, आणि असं काम हाती घेणाऱ्या प्रत्येकाने ही पायरी सगळ्यात आधी करावी असं माझं स्पष्ट मत आहे.

तक्रार एकच. प्रोग्राम चालू करताना किंवा सेव्ह करताना मधेच म्हणतो "डिस्कवर पुरेशी जागा नाही" आणि बंद होतो. डिस्क रिकामीच असते. बरं, सगळीकडे होत नाही, आणि जिथे होतं तिथेही रोज होत नाही, सोमवारी चाललेला प्रोग्राम गुरुवारी अडतो. एका ग्रंथपालांनी शोधून काढलं होतं की एखादी मोठी व्हिडिओ फाइल त्या डिस्कवर कॉपी केली की प्रोग्राम चालू होतो, म्हणजे जागा कमी केली की जागा पुरते! हे वाचल्यावर कारण साधारण कुठे असेल ते लक्षात आलंच.

व्हर्जन्स चार आहेत: २.१, २.३, ३.० आणि ३.२. "सगळ्यांनी ३.२ वर या" म्हणून भागत नाही कारण डेटा फाइलचा फॉरमॅट मधे बदललाय आणि जुना डेटा नव्यात आणायची सोय कधी झालीच नाही. त्यामुळे पॅच, म्हणजे तयार प्रोग्राम फाइलमधले मोजके बाइट बदलून केलेली दुरुस्ती, चारही व्हर्जनला लागू व्हायला हवा. (खाली हेक्स, म्हणजे सोळाच्या पायावरच्या, आकड्यांमधली अक्षरं ए, बी, सी अशी लिहिलीयेत.)

५ जानेवारी

एक्झीला (प्रोग्रामची चालणारी .exe फाइल) हात लावायच्या आधी सोपा रस्ता बघितला. विंडोजमधे जुन्या प्रोग्रामसाठी कंपॅटिबिलिटी फिक्स असतात, त्यात एम्युलेट-गेट-डिस्क-फ्री-स्पेस नावाचा एक आहे, तो मोकळी जागा २ जीबीपेक्षा जास्त असेल तर प्रोग्रामला २ जीबीच सांगतो. कंपॅटिबिलिटी ॲडमिनिस्ट्रेटर या मायक्रोसॉफ्टच्या टूलमधून लावून बघितला आणि तक्रार तिथल्या तिथे गायब.

तुमचं काम एका कॉम्प्युटरपुरतं असेल तर इथेच थांबा, पुढचं काहीच करायची गरज नाही. आमच्याकडे अडचण अशी की हा फिक्स प्रत्येक मशीनवर ॲडमिन हक्कांनी बसवावा लागतो आणि तो एक्झीसोबत फिरत नाही. बरेच लोक हा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर घेऊन वेगवेगळ्या मशीनवर चालवतात आणि ॲडमिनचा पासवर्ड त्यांच्याकडे नसतो. म्हणून दुरुस्ती एक्झीतच करायची ठरली.

८ जानेवारी

२.१ पासून सुरुवात. एक्झी कशात बनलीय ते ओळखणारं डिटेक्ट इट ईझी हे टूल म्हणतं, कंपायलर (सोर्स कोडमधून एक्झी बनवणारा प्रोग्राम) व्हिज्युअल सी++ ६. पॅकर, म्हणजे एक्झी दाबून लहान करणारं टूल, वापरलेलं नाही, छान.

घिड्रात (एक्झीतला मशीन कोड वाचून दाखवणारं टूल) उघडलं आणि एरर मेसेजचा मजकूर शोधला, मजकूर सापडला पण त्याला कोडमधून एकही रेफरन्स नाही. इथे बराच वेळ गेला. मजकूर स्ट्रिंग टेबल रिसोर्समधे, म्हणजे एक्झीतल्या मजकुरांच्या वेगळ्या यादीत, आहे, कोड त्याला पत्त्याने बोलवत नाही, आयडी नंबरने लोडस्ट्रिंग करून बोलवतो. रिसोर्स एडिटरमधे आयडी बघितला आणि तो आकडा कोडमधे पुश कुठे होतो, म्हणजे स्टॅकवर (तात्पुरत्या साठवणीची जागा) कुठे ठेवला जातो, ते शोधलं. त्याहून सरळ रस्ता म्हणजे इम्पोर्ट टेबलमधे (प्रोग्राम विंडोजची कुठली फंक्शन्स वापरतो त्याची यादी) मोकळी जागा सांगणारं गेट-डिस्क-फ्री-स्पेस-ए बघायचं आणि त्याला कोण कॉल करतंय ते बघायचं. आता परत करायची वेळ आली तर मी इम्पोर्टपासूनच सुरू करीन. मेसेज भाषेनुसार बदलतो, इम्पोर्टचं नाव बदलत नाही.

कोड अगदी साधा आहे. हे फंक्शन चार आकडे देतं: एका क्लस्टरमधे (डिस्कवर जागा वाटायचा गट) सेक्टर (डिस्कचा सगळ्यात लहान तुकडा) किती, एका सेक्टरमधे बाइट किती, मोकळे क्लस्टर किती, एकूण क्लस्टर किती. प्रोग्राम पहिल्या तिघांचा आयमूल या इन्स्ट्रक्शनने गुणाकार करतो, उत्तर ईएएक्स या रजिस्टरमधे (प्रोसेसरच्या आतला आकडा ठेवायचा कप्पा), मग लागणाऱ्या जागेशी तुलना आणि ७डी हा बाइट, म्हणजे "मोठं किंवा समान असेल तर पुढे जा", तेही चिन्हासकट, म्हणजे आकडा उणेही असू शकतो असं धरून. ३ जीबी मोकळे असतील तर ३२२१२२५४७२ हा आकडा ३२-बिटच्या चिन्हवाल्या खात्यात उणे १०७३७४१८२४ म्हणून वाचला जातो. उणे एक जीबी म्हटल्यावर जागा कुठून पुरणार.

हा कोड लिहिणाऱ्याला मी दोष देणार नाही. विंडोज ९५ मधे हेच फंक्शन २ जीबीच्या वरचा आकडा कधी सांगतच नसे, मुद्दाम २ जीबीवर अडवून सांगायचं. मोठ्या डिस्कसाठी नावाला एक्स जोडलेलं वेगळं फंक्शन विंडोज ९५ च्याच ओएसआर२ या नंतरच्या आवृत्तीत आलं. म्हणजे लिहिला तेव्हा हा गुणाकार बरोबरच होता, खालची जमीन नंतर सरकली.

१० जानेवारी

पहिला पॅच एका बाइटचा. ७डी च्या जागी ७३, म्हणजे तुलना तीच पण चिन्ह न धरता. हेक्स एडिटरमधे एक बाइट बदलला, ३ जीबी मोकळ्या असलेल्या डिस्कवर चालवलं, चाललं. एका वाचनालयाला वापरून बघायला दिलं.

१७ जानेवारी

त्याच वाचनालयातून तोच मेसेज परत आला.

त्यांच्या डिस्कवर मोकळी जागा होती ८ जीबीच्या जरा वर, जेमतेम काही एमबी वर. ३२ बिटांत ४ जीबी मावतात, त्यापुढे स्कूटरच्या किलोमीटर मीटरसारखं परत शून्यापासून सुरू. त्यामुळे ८ जीबी आणि ३ एमबी मोकळे असतील तर प्रोग्रामला फक्त ३ एमबी दिसतात, चिन्ह धरा नाहीतर सोडा. त्याला लागतात साधारण २० एमबी. म्हणजे दर ४०९६ एमबीमागे २० एमबीचा एक पट्टा असा राहतो जिथे तो अडणारच, साधारण दोनशेत एकदा. चिन्हवाली चूक निम्म्या वेळा दिसायची, आता क्वचित दिसते, आणि क्वचित दिसणारी चूक जास्त त्रासाची कारण कुणाला ती परत करून दाखवता येत नाही.

यातून टेस्टची पद्धत ठरली. व्हर्च्युअल डिस्क बनवायची, विंडोजच्या एफएसयूटिल या टूलच्या फाइल क्रिएटन्यू कमांडने पाहिजे तेवढ्या आकाराची फाइल टाकायची (लगेच बनते, वाट बघावी लागत नाही) आणि मोकळी जागा हवी तिथे आणून ठेवायची: ५ एमबी, १ जीबी, ३ जीबी, ५ जीबी, ८ जीबी आणि ३ एमबी. यापुढे प्रत्येक पॅच या सगळ्यांवर.

१८ जानेवारी

"मग तपासणीच काढून टाक ना, ७डी च्या जागी ईबी टाक, सरळ उडी, विषय संपला" असा सल्ला आला. एका बाइटचंच काम आहे, चारही व्हर्जनमधे चालेल.

मी ते करणार नाही, आणि कारण प्रोसेस मॉनिटरमधे (प्रोग्राम फाइलींशी काय करतो ते दाखवणारं टूल) स्वच्छ दिसतं. सेव्ह करताना प्रोग्राम जुनी डेटा फाइल आधी शून्य बाइटची करतो आणि मग त्याच फाइलमधे नवीन लिहायला घेतो, तात्पुरती फाइल वगैरे काही नाही. जागा खरंच संपली असेल आणि तपासणी नसेल तर जुना डेटा गेलेला आणि नवा अर्धवट. ५ एमबीच्या डिस्कवर करून बघितलं, फाइल अर्धी लिहून प्रोग्राम थांबला आणि परत उघडली तर "फाइल खराब". वर्षानुवर्षांच्या सभासदांच्या नोंदी असतात हो त्यात. ही एक तपासणीच त्या डेटाला वाचवतेय, तिला मारायचं नाही, तिला बरोबर आकडा द्यायचा.

२१ जानेवारी

आयमूलची अडचण ही की दोन ऑपरंडवाला (दोन आकडे घेणारा) आयमूल वरचे ३२ बिट टाकून देतो. साधा मूल वापरला तर वरचा भाग ईडीएक्स या दुसऱ्या रजिस्टरमधे मिळतो. मग एवढंच करायचं: ईडीएक्स शून्य नसेल तर उत्तर ४ जीबीच्या वर आहे, ईएएक्सचे सगळे बिट एक करून टाका, म्हणजे ३२ बिटांतला सगळ्यात मोठा आकडा.

मूळ जागा ११ बाइटची: मूव्ह ३, आयमूल ४, आयमूल ४. माझा कोड १६ बाइटचा. मावत नाही, म्हणून कोड केव्ह, म्हणजे फाइलमधल्या रिकाम्या जागेत कोड बसवणं. टेक्स्ट सेक्शनच्या (एक्झीतला कोडचा भाग) शेवटी अलाइनमेंटसाठी (ठराविक आकार पूर्ण करायला) शून्यं भरलेली असतात, तिथे नवा कोड लिहायचा, मूळ जागी ई९ ची पाच बाइटची उडी, उरलेल्या सहा जागी ९० (एनओपी, काहीच न करणारी इन्स्ट्रक्शन), आणि नवा कोड संपला की परत उडी. उडीचं अंतर मोजताना लक्षात ठेवा की ते उडीच्या पुढच्या इन्स्ट्रक्शनपासून मोजतात, म्हणजे लक्ष्याच्या पत्त्यातून उडीचा पत्ता अधिक ५ वजा. सेक्शनच्या हेडरमधला व्हर्च्युअल साइझ पण वाढवून घेतला. पुढचा ७डी चा ७३ तसाच ठेवला.

२.१ सगळ्या टेस्ट पास, ५ एमबीवर नीट नकार देतो, बाकी सगळीकडे चालतो.

२६ जानेवारी

२.३. कंपायलर तोच, तरी २.१ चे ऑफसेट (फाइलमधल्या जागांचे आकडे) लागू होत नाहीत, हे अपेक्षितच. पण पत्त्यावरून फाइलमधली जागा काढतानाच गाडी अडली. व्हिज्युअल सी++ ६ चा लिंकर (तुकडे जोडून एक्झी बनवणारा भाग) मुळात फाइलमधेही सेक्शन ४०९६ बाइटवर अलाइन करतो, त्यामुळे २.१ मधे बेस (प्रोग्राम मेमरीत जिथून सुरू होतो तो पत्ता) वजा केला की आलेला आकडा हाच फाइल ऑफसेट. २.३ च्या वेळी ते सेटिंग बदललेलं दिसतंय, फाइल अलाइनमेंट ५१२, टेक्स्ट सेक्शन मेमरीत १००० ला आणि फाइलमधे ४०० ला (हेक्समधे), सी०० चा फरक. म्हणून प्रत्येक वेळी सेक्शन हेडर वाचूनच हिशोब करायचा, एखाद्या फाइलमधे दोन्ही आकडे जुळले म्हणून पुढच्या फाइलमधे जुळतील असं धरू नका.

मग पॅटर्न शोधायचा प्रयत्न केला: ०एफ एएफ ४५, काहीही, ०एफ एएफ ४५, काहीही, ३बी ४५, काहीही, ७डी. २.१ मधे एकच जागा सापडते. २.३ मधे दोन! दुसरी जागा लेबल छापायच्या नव्या भागात आहे, रुंदी गुणिले उंची गुणिले रंगांचे बाइट, तिथेही दोन आयमूल आणि एक तुलना. तिथे पॅच बसला असता तर लेबलं बिघडली असती आणि कारण कुणाला कधी सापडलं नसतं.

त्यामुळे नियम: पॅटर्न एकदाच सापडला तरच लिहायचं. शून्य वेळा किंवा दोनदा, दोन्हीत थांबायचं. आणि नुसत्या पॅटर्नवर न जाता आधी इम्पोर्टचा कॉल शोधायचा, म्हणजे एफएफ १५ आणि पुढे इम्पोर्ट टेबलमधला पत्ता, आणि मग त्याच्या पुढच्या साठेक बाइटमधेच पॅटर्न बघायचा.

१ फेब्रुवारी

३.० उघडलं तर इम्पोर्ट टेबलमधे जवळपास काहीच नाही, लोडलायब्ररी, गेटप्रोकॲड्रेस आणि दोनचार नावं, सेक्शनची नावं यूपीएक्स०, यूपीएक्स१. म्हणजे यूपीएक्स या पॅकरने पॅक केलेलं आहे. यूपीएक्सलाच वजा डी हा पर्याय देऊन उलगडलं, उलगडलेली फाइल चालते.

आत कोड ऑप्टिमाइझ केलेला, ईबीपी फ्रेम नाही (स्टॅकवरचे पत्ते मोजायला पक्का आधार नाही), सगळं ईएसपीच्या (स्टॅकचं टोक दाखवणारं रजिस्टर) हिशोबाने. घिड्राच्या व्हर्जन ट्रॅकिंगमधे २.३ आणि ३.० शेजारी ठेवले, बरीच फंक्शन्स जुळली, नेमकं हवं ते जुळलं नाही कारण ते दुसऱ्या मोठ्या फंक्शनमधे इनलाइन झालंय, म्हणजे त्याच्या आतच लिहिलं गेलंय. हाताने शोधलं.

२.१ सारखाच केव्ह बसवला. चाललं. १ जीबी, ३, ५, ८ सगळं पास, मला वाटलं संपलं, आणि ५ एमबीवर पण पास! तिथे तर नकार यायला हवा.

डीबगरमधे एकेक पाऊल टाकत गेल्यावर दिसलं. या व्हर्जनमधे कंपायलरने लागणारी जागा आधीच ईडीएक्समधे आणून ठेवलीय आणि तुलना ईएएक्सची ईडीएक्सशी आहे. मूळ आयमूल ईडीएक्सला हात लावत नव्हता, माझा मूल लावतो, वरचा भाग तिथे टाकतो. जागा कमी असली की वरचा भाग शून्य, मग तुलना शून्याशी, आणि शून्यापेक्षा कुठलाही आकडा मोठा किंवा समान असतोच. म्हणजे तपासणी दिसायला जागच्या जागी, प्रत्यक्षात मेलेली. १८ तारखेला जे करायचं नाही म्हटलं होतं तेच झालेलं, ते पण कुणाला न कळता. नुसतं "प्रोग्राम चालू होतो का" एवढंच बघितलं असतं तर हे असंच लोकांकडे गेलं असतं. पॅच करणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे, ज्या तपासणीला हात लावताय ती नापास व्हायला हवी तेव्हा नापास होते का, हे आधी बघा.

दुरुस्ती म्हणून ईडीएक्स पुश करून शेवटी पॉप (परत काढून घेणं). पण पुश केल्यावर ईएसपी ४ ने सरकतो, त्यामुळे मधले सगळे ईएसपी-अधिक-काहीतरी असे पत्ते ४ ने वाढवावे लागतात. ते केलं, सगळ्या टेस्ट नीट.

८ फेब्रुवारी

३.२ ने आठवडा खाल्ला.

नवीन कंपायलर, ऑप्टिमाइझ्ड. क्लस्टरचे बाइट एका ग्लोबलमधे (मेमरीतली ठरलेली जागा) साठवलेले, म्हणून सुरुवात ए१ आणि पुढे चार बाइटचा पत्ता. पाच बाइट. ई९ ची उडी पण पाच बाइट, अगदी फिट्ट बसली. एक्सपीच्या व्हर्च्युअल मशीनवर सगळ्या टेस्ट पास. विंडोज १० वर सुरू केल्या केल्या ॲक्सेस व्हायोलेशन (मनाई असलेल्या मेमरीला हात लावल्याचा क्रॅश), आणि क्रॅशचा पत्ता मशीन रीस्टार्ट केलं की वेगळा.

फाइलमधले बाइट आणि डीबगरमधे दिसणारे बाइट शेजारी ठेवले तेव्हा उलगडलं. उडीचे चार बाइट मेमरीत वेगळे आहेत. मॉड्यूल (म्हणजे ही एक्झी) ४००००० ऐवजी बीसी०००० ला लोड झालं होतं, फरक ७सी००००, आणि उडी जिथे जायला हवी त्याच्या बरोबर ७सी०००० पुढे जात होती. ही एक्झी एएसएलआर (प्रोग्राम वेगवेगळ्या पत्त्यांवर लोड करणारी सुरक्षा) चालू ठेवून बनवलेली आहे, तिच्यात रीलोकेशन टेबल (पत्ता बदलला की कुठले आकडे दुरुस्त करायचे त्याची यादी) आहे, आणि त्या टेबलमधे मूळ ए१ च्या पुढच्या पत्त्याची नोंद आहे. लोडर (प्रोग्राम मेमरीत आणणारा विंडोजचा भाग) बिचारा आपलं काम करतो: नोंद असलेल्या जागी फरक मिळवतो, तिथे आता पत्ता नसून उडीचं अंतर आहे हे त्याला कसं कळणार. एक्सपीत एएसएलआर नाही, फरक शून्य, म्हणून तिथे चाललं. पुढे एनओपी भरलेल्या ठिकाणीही हेच होतं, ९० ९० ९० ९० मधे ७सी०००० मिळवले की मेमरीत ९० ९० ०सी ९१ होतात, आणि ०सी ९१ म्हणजे एएलला (ईएएक्सचा खालचा बाइट) ९१ शी ऑर करा. तो कोड चालला असता तर क्रॅशही न होता फक्त आकडा बदलला असता.

एएसएलआरचा फ्लॅग हेडरमधून काढला की प्रश्न सुटतो, पण कुणाच्या मशीनवरची सुरक्षा कमी करून दुरुस्ती द्यायची नाही. तूर्तास उडी एक इन्स्ट्रक्शन पुढे नेली: ०एफ एएफ ४४ २४ १०, स्टॅकवरचा आकडा, हीसुद्धा पाचच बाइट आणि हिच्यावर रीलोकेशन नाही. चालतंय.

१० फेब्रुवारी

चालतंय, पण मला हे पटत नाहीये. चार व्हर्जन, चार वेगळे केव्ह, कुठे ईडीएक्स जपायचा, कुठे ईएसपी सरकवायचा, कुठे रीलोकेशन टाळायचं. शिवाय ३.२ मधे हीच तपासणी दोन ठिकाणी आहे, डेटाच्या ड्राइव्हसाठी आणि बॅकअपच्या ड्राइव्हसाठी, दुसरी तर मी अजून केलीच नाही. सगळं गुणाकाराभोवती फिरतंय आणि गुणाकार तर प्रत्येक कंपायलर आपल्या मर्जीने लिहितो.

काय बदलत नाही ते बघायला हवं. गेट-डिस्क-फ्री-स्पेस-ए ला पाच आर्ग्युमेंट (फंक्शनला द्यायच्या गोष्टी), ठरलेल्या क्रमाने, स्टॅकवर, उत्तर चार ठरलेल्या जागी. हे २.१ मधे तसंच आहे आणि ३.२ मधेही तसंच, कारण हा करार विंडोजचा आहे, कंपायलरचा नाही. मग दुरुस्ती तिथेच करावी: कॉल माझ्या छोट्या रॅपरकडे (मूळ फंक्शनभोवती गुंडाळलेला कोड) वळवायचा, रॅपर खरं फंक्शन बोलवील, आणि मोकळे व एकूण क्लस्टर एवढे कमी करील की गुणाकार २१४७४८३६४७ च्या वर जाणारच नाही. ४०९६ बाइटचा क्लस्टर असेल तर जास्तीत जास्त ५२४२८७ क्लस्टर. म्हणजे विंडोज ९५ जे सांगायचं तेच परत सांगायचं, आणि ५ जानेवारीचा कंपॅटिबिलिटी फिक्स जे बाहेरून करत होता तेच एक्झीच्या आतून. मूळ गुणाकार, मूळ ७डी, सगळं अनटच्ड राहील. जागा खरंच कमी असेल तर खरा आकडा तसाच जाईल.

जुने चारही केव्ह काढून मूळ फाइल्सवर परत आले.

१४ फेब्रुवारी

रॅपर एकच, चारही व्हर्जनमधे तोच. २.१, २.३, ३.० मधे कॉल एफएफ १५ आणि पत्ता असा सहा बाइटचा, त्या जागी ई८ या कॉलची पाच बाइट आणि एक ९०. या तिघांत रीलोकेशन टेबल नाहीच, प्रश्न नाही.

३.२ मधे एफएफ १५ सापडेना. दोनदा कॉल करायचा म्हणून कंपायलर पत्ता आधी ईएसआय या रजिस्टरमधे घेतो, ८बी ३५ आणि इम्पोर्टचा पत्ता, आणि मग दोन्हीकडे कॉल ईएसआय. हे तर आपल्या सोयीचंच, एक जागा बदलली की दोन्ही तपासण्या दुरुस्त. ८बी ३५ च्या जागी बीई, म्हणजे ईएसआयमधे थेट रॅपरचा पत्ता भरायचा. पाच बाइट लागतात, सहा आहेत, एक ९० उरतो. तो पुढे टाकायचा की मागे? ९० मागे टाकला तर रीलोकेशनची नोंद एक बाइट सरकून चुकीच्या चार बाइटवर पडते. पुढे टाकला, ९० बीई आणि मग पत्ता, तर पत्ता बरोबर त्याच चार बाइटवर येतो जिथे मूळ पत्ता होता, आणि लोडर तो आपसूक दुरुस्त करून देतो. गेल्या आठवड्यात ज्या नोंदीने छळलं तीच इथे कामाला आली, रीलोकेशन टेबलला हातही लावावा लागला नाही.

रॅपरमधून खऱ्या फंक्शनला बोलवताना मात्र पक्का पत्ता लिहून चालत नाही, केव्हमधे रीलोकेशन नसतं. ई८ ०० ०० ०० ०० आणि लगेच ५८, म्हणजे पुढच्याच इन्स्ट्रक्शनला कॉल करून स्वतःचा पत्ता ईएएक्समधे घ्यायचा, आणि तिथून इम्पोर्ट टेबलचं अंतर मोजायचं. शेवट सी२ १४ ००, पाच आर्ग्युमेंटचे २० बाइट स्टॅकवरून उतरवून परत.

१६ फेब्रुवारी

कार्ड रीडर असलेल्या एका मशीनवर शून्याने भागाकाराचा क्रॅश. बॅकअपचा ड्राइव्ह म्हणून रिकामा कार्ड रीडर निवडला होता, खरं फंक्शन शून्य परत देतं म्हणजे अपयश, आणि रॅपर तरीही क्लस्टरचे बाइट घेऊन भागायला जातो. कॉलनंतर लगेच टेस्ट ईएएक्स, ईएएक्स, शून्य असेल तर कशालाही न शिवता परत. मूळ प्रोग्रामकडे या अपयशासाठी स्वतःचा मेसेज आहे, तो आता नीट येतो.

२२ फेब्रुवारी

पॅच करणारी स्क्रिप्ट पायथॉनमधे, एक्झी वाचणारी पीईफाइल लायब्ररी वापरून. पॅच केलेली एक्झी मी वाटणार नाही, फक्त स्क्रिप्ट देणार, एक्झी ज्याची त्याच्याकडे असेल. स्क्रिप्टचा बराचसा भाग तपासण्यांचाच आहे:

यूपीएक्स सेक्शन दिसले तर थांबते आणि आधी उलगडा म्हणते. एसएचए-२५६ (फाइलचा ठसा म्हणून काढलेला आकडा) ओळखीचा असेल तर पुढे जाते. अनोळखी असेल तर इम्पोर्ट शोधते, कॉलच्या जागा मोजते, काय बदलणार ते दाखवते आणि विचारल्याशिवाय लिहीत नाही. हे आवश्यक होतं कारण २.३ च्या एकापेक्षा जास्त बिल्ड लोकांकडे आहेत, दिसायला व्हर्जन नंबर तोच पण बाइट वेगळे. लिहायच्या आधी जुने बाइट अपेक्षित आहेत का बघते. केव्हसाठी जागा खरंच शून्यांची आहे का, पुरेशी आहे का, बघते. ३.० मधे जेमतेम पुरली. मूळ फाइल वेगळ्या नावाने ठेवते. पॅच आधीच बसलेला असेल तर तसं सांगून काही न करता संपते, हे तर नक्की ठेवा, लोक दोनदा चालवतातच.

चारही व्हर्जन, सगळे डिस्क आकार, एक्सपी आणि १० दोन्हीवर तपासून झालं. ५ एमबीवर चारही नकार देतात.

१ मार्च

वाचनालयांना दिलं. दोन गोष्टी आल्या.

३.२ वर मूळ कंपनीची डिजिटल सही होती, एक बाइट बदलला तरी ती अवैध होते. स्क्रिप्ट आता ती सही काढूनच टाकते, मोडकी सही ठेवण्यापेक्षा सही नाही हे खरं सांगणं बरं, आणि तसं स्क्रीनवर लिहून पण दाखवते. हेडरमधला चेकसम (बाइटांची पडताळणी करायचा आकडा) पुन्हा काढून भरते, साध्या एक्झीसाठी विंडोज तो तपासत नाही पण भरायला काही लागत नाही.

दुसरं, एका अँटिव्हायरसने पॅच केलेली ३.२ संशयित ठरवली. सही नाही आणि नेहमीच्या जागेबाहेर, सेक्शनच्या टोकाला कोड, त्याला तसं वाटणं स्वाभाविक आहे. त्यांच्या फॉर्मवरून फाइल पाठवली, सोबत काय बदललं ते बाइटसकट लिहिलं. तोवर त्या वाचनालयाला ५ जानेवारीवाला कंपॅटिबिलिटी फिक्स बसवून दिलाय, तिथे ॲडमिन उपलब्ध होता.

प्रोग्रामच्या "डिस्कची माहिती" खिडकीत आता कुठल्याही मोठ्या डिस्कला २ जीबी दिसतात. ग्रंथपालांना आधीच सांगून ठेवा नाहीतर घाबरून फोन येतात.

८ मार्च

अँटिव्हायरसवाल्यांनी फाइल मोकळी केली. तक्रारीचा मेसेज पॅचनंतर कुठूनही आलेला नाही, एक आला होता तो खराच निघाला, त्या पेन ड्राइव्हवर खरोखर जागा संपली होती आणि डेटा शाबूत आहे.

दोघातिघांनी १.४ बद्दल विचारलंय. ती १६-बिट आहे, एनई या जुन्या फाइल प्रकाराची, ६४-बिट विंडोजवर सुरूच होत नाही, त्यामुळे हा पॅच तिला लागू नाही आणि स्क्रिप्ट तिला पहिल्याच तपासणीत परत पाठवते. तिचा डेटा २.१ मधे आणायला फाइल फॉरमॅट समजून घ्यावा लागेल, नमुना म्हणून सभासदांची नावं काढून टाकलेली एक डेटा फाइल एका वाचनालयाने पाठवलीय, पुढचं काम त्या फाइलवर.